सीपॅपच्या पाण्याच्या डबीतला पांढरा थर
आपल्या जळगाव-भुसावळकडे बोअरचं पाणी जड, ते सीपॅपच्या (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं मशीन) ह्युमिडिफायरमधे, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागात, भरलं की डबीत पांढरा क्षार बसतो आणि साबणाने हलत नाही. घासणी लावू नका, चरे पडतात न त्यातच घाण धरते.

१. सकाळी मशीन बंद करून डबीखालची तापणारी प्लेट गार होऊ द्या, डबी काढून पाणी ओतून द्या.
२. १ भाग पांढरं व्हिनेगर, १० भाग पाणी भरून थोडा वेळ ठेवा, क्षार सुटतो.
३. वास जाईपर्यंत खळखळून धुवा आणि सावलीत सुकवा, आपल्याकडचं ऊन प्लॅस्टिकला नको.

रात्री डिस्टिल्ड वॉटरच भरा, पण बॅटरीत टाकतात ते नाही हं, मेडिकलवर विचारा. ब्लीच, फिनाईल तर कधीच नको, त्याची वाफ थेट छातीत जाते.