बोरिंग करताय? आधी रद्दी पेपर काढून ठेवा

मशीन दारात येण्याआधी परवानगीचं बघा. मध्य प्रदेशात 1986चा पेयजल परिरक्षण कायदा आहे आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा नवीन बोरिंगवर बंदी येते. पाणाड्याला नारळ फिरवू द्या हवं तर, पण जागा ड्रेनेजपासून जितकी लांब जमेल तितकी.

मग मशीनपाशी रद्दी पेपर पसरून बसा. दर दहा फुटांना वर येणारा चुरा मूठभर उचलायचा, ओळीनं ठेवायचा आणि बाजूला फूट लिहायचे. इंदूरमध्ये सुदामा नगरच्या आमच्या दुसऱ्या बोरिंगला मी हेच केलं. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, 45 फुटांपासून करडी पिठासारखी भुकटी, म्हणजे आपल्या माळव्याचा काळा पाषाण. 130ला एकदम लाल, ओलसर चिखल! बोटांत दाबला तर साबणासारखा गुळगुळीत.

पहिल्या बोरिंगला हा थर कुणी बघितलाच नव्हता. मशीनवाला म्हणाला, "आंटी, पक्का पत्थर आ गया, अब केसिंग की जरूरत नहीं." केसिंग म्हणजे बोरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत घालायचा पाइप. आम्हालाही पैसे वाचल्याचा आनंद. दोन वर्षांत ती लाल माती पाणी पिऊन फुगली, ढासळली आणि मोटर खाली अडकली. दोरी तुटली, पण मोटर हलली नाही. केसिंगमध्ये वाचवलेले पैसे मोटरीसकट गेले.

म्हणून या वेळी वरचा मुरूम ओलांडून पक्क्या दगडात बसेपर्यंत सात इंची केसिंग टाकली, बाहेरची फट सिमेंटनं भरून घेतली आणि आत तळापर्यंत पाच इंची पाइप सोडला. पाणी लागलं होतं तिथे तो जाळीचा. केसिंग जमिनीच्या वर फूटभर ठेवा, झाकण लावा.

"दोन इंच पाणी लागलं" या मशीनवाल्याच्या अंदाजावर मोटर घेऊ नका. दुकानदार नेहमी मोठीच सुचवतो. मशीनचं हवेचं प्रेशर तासभर चालू ठेवायला सांगा आणि पाणी एका पाइपातून काढून बादली लावा. 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, तर तासाला 1800 लिटर. मोटर त्याहून कमी ओढणारी हवी. तळापासून वीसेक फूट वर टांगा, गाळ खालीच राहतो. स्टार्टरमध्ये ड्राय-रन कटऑफ, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय, घ्याच. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा मोटर जळून चालत नाही.

पावसाळा संपला की ब्लीचिंग पावडर. साडेसहा इंची बोरमध्ये 100 फूट पाणी उभं असेल तर साधारण 100 ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी ओता. मोटर चालवा, नळाला पावडरचा वास आला की बंद. रात्रभर तसंच ठेवून सकाळी वास जाईपर्यंत गटारात सोडा, तुळशीला नाही.

1000 चौरस फूट गच्चीवर इंचभर पाऊस म्हणजे 2300 लिटरच्या वर पाणी. ते बोरमध्ये सोडा, पण गिट्टी-वाळूच्या फिल्टरमधूनच. पहिले दोन पाऊस बाहेर काढून द्या. आमच्या गच्चीवर कबुतरं असतात.

जुनं बोरिंग उघडं ठेवू नका. लहान मुलं पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच ती तळापासून बुजवायला सांगितलंय. आमचं दगड-मातीनं बुजवलं, अडकलेल्या मोटरीसकट. त्यावर आता यांची स्कूटर उभी असते.