'तू बिश्वात' हे नाव कसं फोडायचं

'तू बिश्वात' ऐकलं की मराठी कानाला आधी 'तू विश्वात' असंच काहीतरी ऐकू येतं, पण हा ज्यू लोकांचा झाडांचा सण आहे आणि त्याच्या नावात झाड, फळ, पान काहीच नाहीये. नाव म्हणजे नुसती तारीख. आपल्याकडे कसं दसऱ्याला विजयादशमी म्हणतात, त्यात निदान विजय तरी आहे, इथे तोही नाही.

पहिलं काम, नाव तीन ठिकाणी तोडा: तू, बि, श्वात. शेवटाकडून सुरुवात केली की सोपं जातं. श्वात हा हिब्रू महिना, निसान महिन्यापासून मोजलं तर अकरावा, नाव बाबिलोनहून आलेलं. 'बि' म्हणजे मध्ये किंवा चा. राहिला 'तू', आणि खरी गंमत तिथेच आहे.

हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. आलेफ 1, बेत 2, गिमेल 3, असं करत 'हे' 5, वाव 6, तेत 9, योद 10, लामेद 30. मग 15 लिहायचे तर योद आणि 'हे', म्हणजे 10+5 लिहायला हवं ना, पण ती दोन अक्षरं देवाच्या नावाची सुरुवात आहेत, ते नाव असं हिशोबात वापरायचं नाही, म्हणून 9+6 लिहितात, तेत आणि वाव. ते जोडून वाचलं की 'तू'. 16 ला पण हाच प्रॉब्लेम, तिथे 9+7 करतात. तर तू बिश्वात म्हणजे श्वातची 15 तारीख, बस.

जमतंय का ते बघायला 'लाग बाओमेर' हा सण घ्या. लामेद 30, गिमेल 3, झाले 33. ओमेर हे मुळात धान्याचं माप, पण पेसाख या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत या पुढच्या सणापर्यंत 49 दिवस मोजतात त्या मोजणीलाही ओमेरच म्हणतात, त्यातला हा 33वा दिवस. 'तू बआव' (आव हाही हिब्रू महिनाच) तर आता तुम्हीच सांगाल. 'तिशा बआव'ला मात्र ही युक्ती लावू नका, तिशा हा सरळ नऊ हा शब्दच आहे.

आता 15च का? मिश्नामध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, चार नववर्षं सांगितलीत, त्यातलं एक झाडांचं. शम्माय आणि हिलेल हे दोन जुने धर्मपंडित, शम्मायच्या घराण्याचं (म्हणजे शिष्यपरंपरेचं) म्हणणं ते श्वातच्या 1 तारखेला, हिलेलच्या घराण्याचं म्हणणं 15ला, आणि हिलेलवाले जिंकले. कारण अगदी व्यवहारी होतं, फळांचा दशांश (धर्मासाठी बाजूला काढायचा दहावा हिस्सा) कुठल्या वर्षात धरायचा आणि झाडाचं वय कसं मोजायचं (पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही), थोडक्यात शेतीचं आर्थिक वर्ष. फळं खायचा सोहळा 16व्या शतकात सफेद नावाच्या (आता इस्राएलमधल्या) गावातल्या ज्यू गूढवाद्यांकडून आला आणि झाडं लावायची पद्धत त्याच्याही नंतरची, 1890 मध्ये तिकडच्याच झिखरोन याकोव्ह गावच्या शाळेतल्या मुलांपासूनची.

मराठी कॅलेंडरमध्ये शोधायचं तर महिना त्यांचाही चंद्राचा, म्हणजे 15 तारीख पौर्णिमेच्या आसपासच. पौष किंवा माघ पौर्णिमा बघा. 2024 मध्ये पौष पौर्णिमेला 25 जानेवारीला होता, 2026 मध्ये 2 फेब्रुवारी, म्हणजे आदल्या दिवशीच्या माघ पौर्णिमेच्या संध्याकाळपासून. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे विसरलात तर एक दिवस चुकणार.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींकडे या दिवसाला वेगळाच रंग आहे, तो एलियाहू हन्नाबींचा, म्हणजे प्रेषित एलियाचा दिवस. अलिबागजवळच्या खंडाळे गावात (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे!) खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात, तिथे जाऊन मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं. याच लोकांनी बाकीच्या काही सणांना खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी नावं दिलीत, तिथे मात्र अक्षरं-आकडे काही फोडत बसू नका, त्या दिवशी काय शिजतं तेवढं विचारा.