इंजिनिअरिंगची ऑफर आली तर पगार आणि काम कसं तपासायचं (सोलापूरच्या पोरापोरींसाठी)

रिझल्ट लागला की आपल्याकडं घरोघरी एकच चर्चा असते, अमक्याला पुण्यात 3 लाख 60 हजारचं पॅकेज, तमक्याला चिंचोळी एमआयडीसीत पावणेतीन, आणि तिथंच ठरून जातं की पुण्याची नोकरी भारी. अहो पण पॅकेज म्हणजे पगार नव्हे, त्यामुळं हो म्हणायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा आणि घरच्यांना पण शेजारी बसवा.

पहिलं काम म्हणजे एचआरकडून सॅलरीचा ब्रेकअप, म्हणजे कशाकशाचे किती धरलेत ते, मागून घ्या, मागायला लाजू नका. समजा सीटीसी (कंपनी वर्षभरात तुमच्यावर करते तो एकूण खर्च, यालाच पॅकेज म्हणतात) 3 लाख 60 हजार, म्हणजे महिना 30 हजार दिसतात, त्यात बेसिक (मूळ पगार) 15 हजार. आता कंपनी तिच्या बाजूनं जो 12 टक्के पीएफ भरते ते 1800 याच्यातच धरलेले असतात, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणजे 722 रुपये पण याच्यातच, आणि ती ग्रॅच्युइटी परमनंट माणसाला सहसा सलग पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना मिळते. वर्षाचा 36 हजार परफॉर्मन्स बोनस पण सीटीसीत घातला असेल तर महिन्याचे अजून 3 हजार गेले. राहिले 24,478, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 1800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 (मुलींना 25 हजारापर्यंतच्या पगारावर तो लागत नाही) कापला की हातात 22,478. पीएफ तुमचाच आहे, तो कुठं जात नाही, पण रूमचं भाडं त्यातून देता येत नाही.

आता इथली चिंचोळीची ऑफर बघा. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 20 हजार, पीएफ 1800, टॅक्स 200, आणि पगार 21 हजाराच्या आत असल्यामुळं ईएसआयसीचे (सरकारी कामगार विमा, दवाखान्यासाठी) 0.75 टक्के म्हणजे 150, हातात 17,850. ईएसआयसी कापली म्हणून नाराज होऊ नका, त्यात तुमच्यासोबत तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं पण बघितलं जातं. पुण्यात रूम आणि मेसचे 9 हजार जरी धरले तरी मागं साडेतेरा हजार उरतात, इथं घरी राहून पेट्रोल आणि किरकोळ खर्च जाऊन पण त्याच्यापेक्षा जास्तच उरतील.

दुसरा हिशोब तासांचा, आणि हा कोणीच करत नाही म्हणून मी हट्टानं सांगतो. नुसती शिफ्ट धरू नका, घरातनं निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास धरा, बसची वाट बघणं, शिफ्ट संपल्यावर साहेबानं थांबवून घेणं, सगळं. पुण्यात 12 तास आणि महिन्याला 26 दिवस म्हणजे 312 तास, ताशी 72 रुपये पडतात. इथं 9 तास धरले तर 234 तास, ताशी 76. वर्करला ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो, पण इंजिनिअरला बऱ्याचदा सुपरवायझर किंवा ऑफिसर म्हणून घेतात आणि मग थांबलेल्या तासांचं काहीच मिळत नाही, म्हणून हे आधीच विचारा. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वाराला ते पण विचारा, पुण्याकडं भोसरी-चाकणला बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणजे रविवारी घरचं लग्न असलं तर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून यायचं पण जमत नाही.

रोल कोणाचा, म्हणजे तुम्हाला कामावर घेणारी कंपनी नक्की कोणती, हे तर पहिल्या पानावरच बघा. मोठ्या प्लांटच्या गेटमधून आत जाणारा प्रत्येक जण त्या कंपनीचा नसतो. आपल्याकडं एनटीपीसीचा 1320 मेगावॉटचा प्लांट आहे, तिथं ट्रेनी इंजिनिअर मुख्यतः गेट (GATE) परीक्षेच्या स्कोअरवर घेतात आणि त्यांचं बेसिक 40 हजारापासून सुरू होतं, पण अशा कुठल्याही प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून लागलेल्या पोराची स्लिप पूर्ण वेगळी असते. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर तो पगार नाही, स्टायपेंड आहे, त्यावर पीएफ नसतो. वाईट नाही ते, शिकायला चांगलंय, फक्त नोकरी लागली असं समजून कर्ज काढू नका.

आणि काम कसलंय? इथंच मी पैशापेक्षा जास्त वजन देतो. आपल्या गावात कॅमशाफ्ट, मोटर, केमिकल, टॉवेल-चादर असं बरंच काही बनतं, पण फाउंड्रीत एप्रिल-मे म्हणजे बाहेर 40 च्या वर आणि आत भट्टी, लूमच्या शेडमध्ये आवाज इतका की शेजारच्याचं ऐकू येत नाही, केमिकलमध्ये वास आणि रात्रपाळी. शॉप फ्लोअर दाखवा म्हणा. इअरप्लग, शूज, पिण्याचं पाणी, कॅन्टीन हे स्वतःच्या डोळ्यानं बघा. मुलींनी सेकंड शिफ्ट किती वाजता सुटते, गाडी दारापर्यंत सोडते का आणि वॉशरूम कुठंय हे स्पष्ट विचारावं, ज्या कंपनीला या प्रश्नाचा राग येतो तिथं जाऊच नये. मशीनवर हात लावू देतात का, पीएलसी, मेंटेनन्स, क्वालिटीचं काम शिकायला मिळतं का, (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर), की तीन वर्षं नुसत्या रिपोर्टच्या एक्सेल भरायच्या? कारण पुढची नोकरी तुम्ही आज काय शिकता त्यावरच मिळते, आणि त्या बाबतीत पुण्यातली कमी उरवणारी नोकरी पण कधीकधी बरोबर ठरते, तिथं बदलायला कंपन्या जास्त आहेत.

खरं काय ते एचआर सांगणार नाही. शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहा, दोन-तीन वर्षं झालेल्या एखाद्या दादाला गाठा, पगार किती तारखेला होतो, गेल्या वर्षी इन्क्रिमेंट झालं का आणि पोरं सोडून का जातात, एवढं विचारा.

सही करायच्या आधी बॉन्ड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी न सोडण्याचा करार) आणि नोटीस पिरियड वाचा, 90 दिवसांची नोटीस असेल तर पुढची कंपनी तेवढं थांबेलच असं नाही. ओरिजिनल मार्कशीट आणि डिग्री कोणालाही जमा करून देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. आणि इंटरव्ह्यूत तोंडी जे जे कबूल केलंय, बस, रूम, सहा महिन्यांनी पगारवाढ, ते ईमेलवर लिहून मागा, आणि उत्तर आल्यावरच जॉइनिंगची तारीख कळवा.