देवाशी समेट आणि माणसांशी हिशेब

कैसरियात रोमी सुभेदार फेलिक्ससमोर आपली बाजू मांडताना प्रेषित पौल म्हणाला की, देवासंबंधाने आणि माणसांसंबंधाने आपले मन शुद्ध राहावे म्हणून तो सतत झटत असतो (प्रेषितांची कृत्ये २४:१६). यातली देवाची बाजू आपण प्रार्थनेत आणि उपासनेत सांभाळतो. माणसांची बाजू मात्र वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, आणि मन खाते ते बहुतेक वेळा तिथेच.

सुरुवात रोजच्या आत्मपरीक्षणाने करावी. रात्री झोपण्यापूर्वी थोडा वेळ शांत बसून, पवित्र आत्म्याने प्रकाश द्यावा अशी विनंती करून, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. आपण पापी आहोत एवढे मोघम बोलून उठू नये. कोणाला काय बोललो, कोणाचे काय ठेवून घेतले, हे नावानिशी आठवावे. देवगडचा हापूस म्हणून विकलेल्या पेटीत खालच्या थराला कर्नाटकचा आंबा भरला असेल, तर थोडा लोभ झाला असे म्हणून भागत नाही. ती गिऱ्हाइकाची फसवणूक होती, आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर तिचा डाग प्रामाणिक बागायतदारांनाही लागतो.

पाप ओळखले की ते देवापुढे कबूल करावे. कॅथलिकांनी प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरूंकडे जावे, इतरांनी विश्वासू पाळकांशी बोलावे. परंतु देवाची क्षमा मागितल्याने दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. दान वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे येशूने सांगितले (मत्तय ५:२३-२४), जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, आणि मोशेच्या नियमशास्त्रात तर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक घालून भरपाई करण्याची आज्ञा आहे (गणना ५:७).

कोकणात ही कसोटी लागते ती जमिनीपाशी. गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, हातभर पुढे सरकवलेला निदान दिसतो तरी. बहिणीचा बुडवलेला वाटा दिसतही नाही, आणि माझ्या मते आपल्या घरांतले सर्वांत झाकलेले पाप तेच आहे. नाताळला माहेरी आलेल्या बहिणीपुढे चहाच्या कपाशेजारी हक्कसोडपत्र ठेवले जाते, ‘सही कर गो, सातबारा साफ करायचा आहे’ असे सांगितले जाते, आणि नाते टिकावे म्हणून ती न वाचताच सही करते. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा देतो. हे तिला सांगितले नसेल, तर कागद पक्का असला तरी मन साफ राहत नाही.

अशा वेळी तिच्या घरी जावे आणि जे केले ते सरळ सांगावे. तू तरी तेव्हा कुठे काही बोललीस, हे वाक्य तोंडातून निघू देऊ नये. तिचा वाटा, किंवा आजच्या भावाने त्याची किंमत, देऊ करावी. एकदम जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवावेत. ती हयात नसेल तर तिच्या मुलांना द्यावे, कोणी वारसच नसेल तर गोरगरिबांना. भरपाई देऊनही ती लगेच बोलेलच असे नाही. तिच्यावर क्षमेची घाई लादू नये.

काही जणांचे दुखणे मात्र उलट असते. कबूल केलेले, भरपाई दिलेले पापही त्यांना पुन्हा पुन्हा टोचत राहते, आणि ते नव्याने आत्मपरीक्षणाला बसतात. त्यांनी ते वाढवू नये. आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे योहान लिहितो (१ योहान ३:२०). त्यांनी एकच धर्मगुरू किंवा पाळक निवडावा, मिटलेले पाप पुन्हा कबूल करू नको असे त्यांनी सांगितले तर ते ऐकावे, आणि दुसरीकडे विचारायला जाऊ नये.