चाकू घेताय? पात्याचा आकार निवडताना या चुका टाळा

कर्जतला कॅम्पिंगला जायचं म्हणून ठाणे स्टेशनला गाडीची वाट बघत उभं राहिलं की ग्रुपमधलं कोणीतरी नवीन चाकू काढून दाखवतंच, "दादा, कसा आहे बघ ना". बहुतेक वेळा त्याचं पातं क्लिप पॉइंट आकाराचं असतं नाहीतर टांटो, कारण फोटोत तेच भारी दिसतात. मी एकच विचारतो, गेल्या आठवड्यात तू चाकूने काय काय कापलंस? मग यादी येते, पार्सलचा टेप, सुतळी, केबल टाय, काकडी, कांदा. यातल्या एकाही कामाला सुईसारखं टोक लागत नाही.

पहिली चूक हीच, आकार दिसण्यावरून घेणं. दुकानात बघायचं ते एवढंच की टोक नेमकं कुठे येतं, त्याच्या मागे लोखंड किती आहे आणि धारेला पोट किती आहे, म्हणजे धार पुढे जाताना किती गोल वळते. क्लिप पॉइंटमध्ये पाठीचा पुढचा तुकडा कापून काढल्यासारखा असतो, बोवी नाईफ नावाचा मोठा शिकारी चाकू आठवा. त्यामुळे टोक बारीक होतं, भोक पाडायला, बारीक कोरायला छान, पण आडवा जोर दिला की गेलं. माझं तसंच झालं, ऐरोलीच्या घरी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कटकन तुटले. चाकूने काहीही उचकटायचं नाही, त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर आहे.

टोक तुटलं म्हणून चाकू टाकू नका. लोक काय करतात, धारेच्या बाजूने घासून नवीन टोक काढतात आणि चांगली धार वाया घालवतात. पाठीच्या बाजूने घासा, पाठ हळूहळू उतरती करत धारेला आणून मिळवा, धार तशीच राहते आणि क्लिप पॉइंटचा जवळजवळ ड्रॉप पॉइंट होतो. सहाणेवर पाणी घालत करा, वेळ लागतो, लागू दे. कोरड्या फिरत्या चाकावर धरलंत आणि पातं तापून निळं पडलं तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

ड्रॉप पॉइंट म्हणजे पाठ हलक्या उताराने खाली येते, टोक पात्याच्या मध्याकडे सरकतं, त्याच्या मागे भरपूर लोखंड राहतं आणि खाली पोटही मिळतं. कांदा कापा, काठी तासा, दोरी कापा, सगळं जमतं. पहिलाच चाकू घेत असाल तर डोळे झाकून हाच घ्या, तीन-साडेतीन इंचाचं पातं पुरतं.

दुसरी चूक घरातली. पार्सल उघडायला टोकदार चाकू वापरणं. टोक खोक्यात किती आत गेलं ते कळतच नाही, बहिणीने मागवलेला नवा कोरा रेनकोट असाच पिशवीसकट फाटला होता आणि मला फार वाईट वाटलं होतं. पार्सल, टेप, केबल टाय यासाठी शीप्सफूट घ्या, धार सरळ, पाठ पुढे वाकून धारेला येऊन मिळते, वर आलेलं टोकच नाही. अंगाजवळची दोरी किंवा पट्टा कापायचा असेल तरी हाच, कारण हात घसरला तरी भोसकलं जायची भीती कमी. वॉर्नक्लिफ याचाच भाऊ, धार तशीच सरळ पण टोक बारीक, म्हणजे कामाला नेमका पण नाजूक.

टांटो मजबूत असतो हे खरं, पण त्यात दोन सरळ धारा कोपऱ्यात मिळतात, घरी धार लावताना तो कोपरा गोल होऊन जातो आणि पोट नसल्यामुळे कापाकापीला हात अवघडतो.

पावसाळ्याआधी बाल्कनीला ताडपत्री बांधताना मात्र हॉकबिलसारखं दुसरं पातं नाही. आपला विळाच तो, आत वळलेला, ओढलं की दोरी धारेत येऊन बसते, निसटत नाही. फक्त तोच स्वयंपाकाला वापरू नका, पाटावर धार टेकतच नाही. आणि सपाट दगडावर याला धार लागत नाही, गोल कानस लागते.

आकार बरोबर घेतला तरी कापत नाही अशी तक्रार असेल तर जाडी बघा. पाच मिलिमीटरचं पातं गाजर कापत नाही, फोडतं. दोन-अडीच पुरे. अर्धी करवतीसारखी धार दोरीला चांगली, पण लाकूड तासताना तोच भाग मुठीजवळ येतो, म्हणजे जिथे जोर लागतो तिथेच नको ती धार. आणि घडीचा चाकू दगडाने ठोकून लाकूड फोडू नका, खीळ ढिली पडते, मग लॉकवर भरवसा राहत नाही.

आता शेवटची चूक, जी सगळ्यात महागात पडू शकते. शस्त्र कायदा १९५९ खाली ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, जे घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं नाही, ते शस्त्रात मोडतं. त्याशिवाय ठाणे, नवी मुंबईत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी असू शकते, तेव्हा उगाच खिशात घेऊन फिरू नका. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत चाकू चक्क नावाने आहे, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणजे येऊरच्या जंगलात किंवा कर्नाळ्याला जाताना कितीही छान ड्रॉप पॉइंट असला तरी तो घरी ठेवा, काकडी सकाळीच कापून डब्यात भरून न्या.