चारा मक्याला संरक्षित पाणी: पाऊस ओढ देण्याआधीची तयारी

जुलै-ऑगस्टात पावसाने ओढ दिली की सोलापूर, बीड, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात शेततळ्यात पाणी असूनही चारा मका वाळतो, कारण तुषार संच (फवाऱ्याने पाणी देणारे पाइप-नोझल) वेळेवर लागत नाही. संरक्षित पाणी म्हणजे पावसाच्या खंडात पीक वाचवण्यापुरते दिलेले पाणी. त्यासाठी पेरणीआधीच पाण्याचा हिशेब मांडा. 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल, एकास एक उताराचे शेततळे काठोकाठ भरले तर सुमारे 22 लाख लिटर पाणी होते. एकराला 50 मिलिमीटरची एक पाळी म्हणजे 2 लाख लिटर. तळातला गाळ, बाष्पीभवन आणि अस्तर नसेल तर झिरपा वजा धरून मका 3 एकरच ठेवा आणि दोन पाळ्या हमखास राखा.

बियाणे आफ्रिकन टॉल या चारा वाणाचे, एकरी 30 किलो. उताराला आडवे, 30 सेंटिमीटरवर पेरा.

पंप आत्ताच चालवून पाहा. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) तळाला टेकवू नका. रिकाम्या ड्रमला बांधून पाण्यात लोंबता ठेवा, नाहीतर गाळ ओढून नोझल तुंबतात. पाइपांचे रबरी वायसर बदला. नोझलवर नळीचा तुकडा चढवून 15 लिटरची बादली धरा. ती 30 सेकंदांत भरली तर ताशी 1800 लिटर मिळतात. 12 बाय 12 मीटरवर मांडलेल्या अशा नोझलला 50 मिलिमीटर द्यायला चार तास लागतात. पाच एचपीवर दहा नोझल चालले तर एकराला तीन मांडण्या, म्हणजे 12 तास. वीज आठ तास असेल तर 3 एकरांना जवळपास पाच दिवस! पीक माना टाकेपर्यंत थांबलात तर शेवटचा एकर गेलाच म्हणून समजा.

दुपारी पाने सुरळी होतात, त्याला घाबरू नका. सकाळी नऊलाही सुरळी उलगडलेली नसेल तर त्याच दिवशी पंप सुरू करा. काळ्या जमिनीत भेगा रुंदावण्याआधी पाणी द्या. हलक्या रानात एका वेळी 30 मिलिमीटर पुरे, जास्तीचे मुळांखाली निघून जाते. पेरणीनंतरच्या तीन आठवड्यांत मात्र पाणी साचू देऊ नका, रोपे पिवळी पडतात.

तुषार संचाचा उभा पाइप साधारण अडीच फुटांचा असतो, मका मात्र डोक्यावर जातो. मग फवारा पानांवर अडतो आणि ओळी कोरड्या राहतात. दुसऱ्या पाळीसाठी, तुरा येण्याच्या सुमारास, उंच पाइप किंवा रेनगन (लांबवर फवारणारे मोठे नोझल) हाताशी ठेवा. वारा पडल्यावर, संध्याकाळी चालवा.

युरियाचा दुसरा हप्ता, एकरी साधारण एक गोणी, तिसाव्या दिवसाच्या आसपास ओलीवरच टाका. कोरड्यात टाकलेला युरिया वाया जातो. ताण सोसलेल्या मक्याच्या खालच्या धाटात जनावरांना विषारी ठरणारे नायट्रेट साचते आणि पाणी मिळाल्यावर काही दिवस ते वाढते. पाणी दिल्यावर आठवडाभर कापणी टाळा, कापताना खालचे वीतभर धाट सोडा आणि उपाशी जनावरापुढे हा चारा एकदम टाकू नका. आधी कडबा घाला.