बाग बिघडते ती एक ऋतू आधी: घराभोवतालच्या बागेत या चुका टाळा

पानं पिवळी पडली की खत, मान टाकली की पाणी, किडा दिसला की फवारणी. घराभोवती थोडीफार मोकळी जागा असणाऱ्या पुष्कळांचं बागकाम एवढ्यावर आटोपतं. अडचण अशी की झाड तक्रार करतं ते फार उशिरा. उन्हाळ्यात वाळलेल्या फांदीचं मूळ दुखणं पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात असू शकतं. यंदा फुलं धरली नाहीत, तर दोष यंदाच्या खताचा नसून मागच्या छाटणीचा असू शकतो. म्हणून काहीही बिघडलं की झारी किंवा कात्री उचलण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांत त्या जागी काय काय झालं ते आठवून बघा. भरावाची माती टाकली? फरशी बसवली? पाइपसाठी चर खणला? शेजारच्या पट्ट्यात तणनाशक मारलं? निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच सापडतं.

मान टाकली म्हणजे तहान लागली, असं नाही

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात आणि भोवती पाणी असूनही ते वर ओढू शकत नाहीत. मग पानं लुळी पडतात, अगदी कोरड्या मातीतल्या रोपासारखी. मालक घाईघाईने आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं रोपही जातं. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, त्यामुळे निदान मातीत बोट घालूनच करायचं. पाच-सात सेंटिमीटर खोल माती ओली लागली तर पाणी बंद. कुजकट वास आला तर रोप उपसून मुळं बघा: निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि टणक असतं, कुजलेलं तपकिरी असून चिमटीत धरलं की त्याची साल सुटून येते. भर दुपारी सुकलेलं रोप संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल, तर त्याला काहीही झालेलं नाही.

रोज थोडं थोडं शिंपडणं ही दुसरी खोड. त्याने वरचा बोटभर थर ओला होतो, मुळंही तिथेच घोटाळतात आणि चार दिवस गावाला गेलात की सगळं करपतं. त्यापेक्षा एकदा भरपूर द्या आणि वरचा थर सुकेपर्यंत थांबा. हिरवळीला वाढीच्या दिवसांत पावसाचं धरून आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी पुरतं. कडक उन्हात आणि रेताड जमिनीत थोडं जास्त. हे मोजायला यंत्र लागत नाही. सरळ उभ्या कडांचे तीन-चार रिकामे डबे हिरवळीवर ठेवा, फवारा सुरू करा आणि डब्यात किती पाणी साचायला किती वेळ लागला ते पट्टीने बघा. डब्याडब्यांत बराच फरक दिसेल. हिरवळीवरच्या ‘न कळणाऱ्या’ सुक्या चट्ट्यांचं कारण बरेचदा तेच असतं. आणि टायमर बसवला असेल तर ऋतू बदलला की त्याची वेळही बदला. ऐन पावसात चालू असलेले फवारे सर्रास दिसतात.

पाणी सकाळी लवकर द्यावं हे खरं, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशी धरते. पण दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात, ही भीती बहुतांशी निराधार आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे जळण्याच्या खुणा उमटल्या नाहीत, फक्त लवदार पानांवर, थेंब लवेच्या टोकांवर अधांतरी राहिला तर, तसं होऊ शकतं. दुपारी रोप खरंच तहानलेलं दिसलं तर खुशाल पाणी द्या.

खोडाशी मातीचा ढीग

माझ्या मते सर्वांत जास्त झाडं या एका चुकीने जातात, आणि कुणाला कळतही नाही, कारण झाड मरायला कित्येक वर्षं घेतं. खोड जमिनीत शिरतं तिथे ते किंचित रुंदावतं आणि मुळं फुटायला लागतात. तो घेर जमिनीच्या वर, उघड्यावर दिसला पाहिजे. तुमचं झाड जर विजेच्या खांबासारखं सरळसोट मातीत घुसलेलं दिसत असेल, तर ते खोल लावलं गेलंय किंवा नंतर त्यावर माती चढली आहे. खोडाची साल सतत ओली राहण्यासाठी बनलेलीच नाही. ती कुजते, तिथून बुरशी आणि किडे आत शिरतात, शिवाय वरच्या ओल्या थरात फुटलेली आडवी मुळं खोडालाच विळखा घालून वर्षागणिक आवळत जातात.

उपाय हाताने करण्याजोगा आहे. लहान खुरपं घेऊन खोडालगतची माती हलकेच बाजूला सारत जा. शेवटी शेवटी बोटांनीच करा, साल खरवडली जाऊ देऊ नका. पहिलं जाड मूळ लागलं की थांबा आणि माती बाहेरच्या बाजूला उताराने पसरा. नवीन झाड लावताना खड्डा मुळांच्या गोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण गोळ्यापेक्षा खोल नको, कारण खालची भुसभुशीत माती बसली की झाडही खाली बसतं. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं सोडवून किंवा कापून मगच लावा.

पालापाचोळ्याचं आच्छादन उत्तमच, मात्र पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचं, आणि खोडापासून वीतभर लांब. आळ्याचंही तसंच. उन्हाळ्यात पाणी धरणारं आळं पावसाळ्यात तळं होतं, तेव्हा पाऊस सुरू होण्याआधी ते एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्या. मोठ्या झाडाला पाणी बुंध्याशी ओतून फारसा उपयोग नाही. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात.

काठीचा आधार दिला असेल तर तो वर्षभरात काढा. वाऱ्यावर थोडं हलल्याशिवाय खोड जाड होत नाही, आणि विसरलेली सुतळी सालीत रुतते.

कात्री हातात घेण्याआधी

‘फुलंच येत नाहीत’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: छाटणी कधी केली? काही झाडं नव्या फुटीवर फुलतात, काही जुन्या काडीवर. गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांना नवी फूट हवी असते, म्हणून बहराच्या हंगामाआधी छाटलं तरी चालतं, उलट बरंच. मोठ्या गुच्छांच्या हायड्रेंजियाच्या बहुतेक जाती मात्र मागच्या मोसमातल्या काडीवर कळ्या तयार ठेवतात. आंब्याचा मोहोरही पक्व झालेल्या फांद्यांच्या टोकांवर येतो. यांना बहराच्या तोंडावर नीटनेटकं करायला गेलात तर कळ्याच कचऱ्यात जातात. अशा झाडांची छाटणी फुलं किंवा फळं संपल्या संपल्या करा. झाडाची सवय माहीत नसेल तर याच नियमाने सहसा निभावतं.

कुठे कापायचं, हेही बघायला हवं. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखं कडं दिसतं. काप त्या कड्याच्या जरा बाहेर घ्यायचा. कडं कापलं तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जाड फांदी एका दमात कापू नका, ती आपल्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाच, मग तिच्या किंचित पुढे वरून काप, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट कड्याशी.

जखमेवर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. अमेरिकी वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं की इजा झालेलं लाकूड झाड पुन्हा पूर्ववत करत नाही. ते कुजलेला भाग आतून भिंती घालून अलग करतं, आणि वरच्या लेपाने कुजणं थांबत नाही. फळबागायतदार ठरावीक रोगांसाठी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, ती गोष्ट वेगळी.

झाड ‘फार उंच झालं’ म्हणून शेंडा सपाट उडवणं मात्र टाळाच. कापल्या जागी सरळ, कमकुवत फोकांचा झुपका येतो, तो वादळात आधी मोडतो, आणि दोन-तीन वर्षांत उंची पुन्हा तेवढीच. उंचीचा विचार लावतानाच व्हायला हवा: पिशवीतलं रोप न बघता, ते पूर्ण वाढल्यावर केवढं होणार ते बघून भिंतीपासूनचं अंतर धरा.

वाळल्यासारखी वाटणारी फांदी तोडण्याआधी नखाने साल जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, आणखी एक मोसम थांबा.

पिवळी पानं वाचायला शिका

खालची, जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. हा दुसरा प्रकार चुनखडीच्या जमिनीत फार दिसतो. तिथे मातीत लोह असतं, पण सामू (pH) साडेसातच्या वर गेला की झाडाला ते उचलता येत नाही. तिथे युरिया टाकून काही होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) फवारा आणि माती तपासून घ्या. पानांच्या फक्त कडा करपत असतील तर पाणी कमी पडतंय, किंवा खताचे क्षार साचले आहेत.

सुकलेल्या रोपाला खत देऊ नका. कोरड्या मातीतले क्षार मुळांतलं पाणी उलट बाहेर ओढतात. आधी पाणी, एक-दोन दिवसांनी खत, तेही पुडक्यावर लिहिलंय तेवढंच. कच्चं शेणही नको. ते जागेवर कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडतं, आणि सोबत तणाचं बी, कधी हुमणीच्या अळ्याही आणतं.

हिरवळ आणि जमीन

एका कापणीत गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. उन्हाळ्यात उंची थोडी वाढवा, कारण लांब पात्यांची सावली माती गार ठेवते. कापल्यावर टोकं पांढुरकी, चिरफाळलेली दिसली तर आजार गवताला नाही, पातं बोथट आहे. दाट सावलीत हिरवळ तगत नाही. तिथे दरवर्षी नवी घालण्यापेक्षा सावलीतली झुडपं लावून मोकळे व्हा.

चिकण मातीत पावसानंतर लगेच खुरपणी किंवा खोदाई केली की तिची घट्ट ढेकळं बनतात. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टोचा. फुटला तर काम सुरू करा, नुसता खळगा पडला तर थांबा. तण येऊ नये म्हणून मातीवर कापड अंथरून वर खडी टाकतात, तेही वर्षभराचंच सुख. खडीत धूळ-पाला साचून तण वरच रुजतं आणि मुळं कापडात अशी गुंततात की उपटताही येत नाही.

घरालगतचा वाफा जोत्यापर्यंत चढवू नका. भिंतीत ओल येते आणि वाळवीला आडोसा मिळतो. जमिनीचा उतार घरापासून बाहेर हवा, पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण 15 सेंटिमीटर. जोरदार पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकदा फेरी मारा, पाणी कुठे थबकतं ते तेव्हाच कळतं.

किडा दिसला की फवारा

मावा आणि पिठ्या ढेकूण सर्वांत आधी कोवळ्या, लुसलुशीत फुटीवर येतात. अशी फूट बरेचदा नत्राच्या जादा डोसाने आलेली असते, म्हणजे पुन्हा गेल्या महिन्याचंच देणं. आधी पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून मारा, फारच भरलेले शेंडे खुडून टाका. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर ती तोडा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात. आणि मारण्याआधी काय मारतोय ते पाहा: काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी लहान अळी ही ढालकिड्याची (लेडीबर्डची) असते, ती मावा खाते. सरसकट फवारणीत आधी तीच मरते, मावा मात्र पुन्हा लवकर वाढतो. औषध मारायचीच वेळ आली तर फक्त लागण झालेल्या झाडावर, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर मारा, आणि उमललेली फुलं वगळा.